दगड गावकऱ्यांनी वाहिले, मग चर्च बंद करायचा अधिकार बिशपचा कसा?

अमेरिकेतून गेली काही वर्षे एकाच प्रकारच्या बातम्या येत आहेत. २०२३ मध्ये सेंट लुईसच्या आर्चबिशपांनी आपल्या १७८ धर्मग्रामांची संख्या १३४ वर आणण्याचा निर्णय जाहीर केला. सिनसिनाटीने २०८ धर्मग्रामांचे ५७ गट केले. या याद्यांमध्ये शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जर्मन स्थलांतरितांनी उभारलेली धर्मग्रामेही आहेत, आणि बातमी आली की तिथले लोक एकच प्रश्न विचारतात: आमच्या पणजोबांनी जमीन दिली, दगड वाहिले, वर्गणी भरली, मग कुलूप लावणारा बिशप कोण?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र आजच्या बातमीत सापडत नाही. ही धर्मग्रामे मुळात कशी उभी राहिली हे पाहावे लागते. त्यासाठी कॅन्सस राज्यातल्या व्हिक्टोरिया या गावाचे सेंट फिडेलिस हे एकच उदाहरण हाताशी धरू. आकाराने ते अपवाद आहे, पण घडण नेहमीची आहे.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू

धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, हा ठरावीक हद्दीतल्या किंवा ठरावीक भाषेच्या कॅथलिक लोकांचा कायमस्वरूपी समाज. त्याची जबाबदारी एका धर्मगुरूकडे असते. अशा अनेक धर्मग्रामांचा मिळून धर्मप्रांत होतो आणि त्याचा प्रमुख बिशप. या लेखात एवढ्या संज्ञा पुरेत.

आपल्याकडे गावकरी, देवस्थानचा ट्रस्ट आणि देवळाची इमारत या तीन वेगळ्या गोष्टी असतात. गावकरी बदलतात, ट्रस्ट कागदावर टिकतो, देऊळ पाडून पुन्हा बांधता येते. धर्मग्रामाचेही तसेच आहे. एक, तिथले लोक. दोन, ‘धर्मग्राम’ नावाची कायदेशीर व्यक्ती, जिच्या नावावर पैसा आणि मालमत्ता असते. तीन, चर्चची इमारत. बातम्यांत या तिन्हींना सरसकट ‘चर्च’ म्हटले जाते आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. धर्मग्राम विलीन झाले म्हणजे इमारत बंद झाली असे नाही, आणि इमारत बंद झाली म्हणजे लोकांचे कॅथलिकपण संपले असेही नाही.

व्होल्गाकाठचे जर्मन कॅन्ससला कसे आले?

सेंट फिडेलिस उभारणारे लोक थेट जर्मनीतून आलेले नव्हते. २२ जुलै १७६३ रोजी रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीन दुसरीने परदेशी शेतकऱ्यांना बोलावणारा जाहीरनामा काढला. पडीक जमीन, ३० वर्षे करमाफी, आपला धर्म पाळण्याची मुभा आणि सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट, अशी त्यातली आश्वासने होती. हजारो जर्मन व्होल्गा नदीकाठी वसले. कॅथलिकांची गावे वेगळी आणि प्रॉटेस्टंटांची वेगळी.

१८७१ मध्ये झार अलेक्झांडर दुसऱ्याच्या सरकारने या सवलती काढून घेतल्या आणि १८७४ मध्ये सक्तीची लष्करभरती सर्वांना लागू झाली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या गिऱ्हाईक शोधत होत्या. सरकारने रेल्वेला रुळांच्या दोन्ही बाजूंना, बुद्धिबळाच्या पटासारख्या एक आड एक, एकेक चौरस मैलाच्या चौकटी दिल्या होत्या. मधल्या चौकटी सरकारकडे होत्या. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्याला १६० एकर मिळत, पण रेल्वेच्या पट्ट्यात १८७९ पर्यंत साधारण ८० एकरच. बाकीची जमीन रेल्वेकडून विकत घ्यावी लागे.

८ एप्रिल १८७६ रोजी व्होल्गाकाठच्या हेर्झोग गावातले लोक एलिस काउंटीत उतरले. शेजारी एका स्कॉटिश उद्योजकाने १८७३ मध्ये वसवलेली व्हिक्टोरिया ही वसाहत होती. नव्यांनी तिला लागूनच आपले हेर्झोग उभे केले. पुढे दोन्ही गावे एक झाली आणि नाव व्हिक्टोरियाचे राहिले. आसपास कॅथरीन, मुन्योर, फायफर, शोएनखेन आणि लीबेनथाल ही आणखी व्होल्गा-जर्मन गावे वसली.

होमस्टेडचा कायदा म्हणत होता की प्रत्येकाने आपापल्या शेतावर राहावे. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या गावात राहून बाहेर शेती करणारे. त्यांनी दोन्ही जमवले: आठवडाभर शेतावर, शनिवारी संध्याकाळपासून गावात. ग्रामीण धर्मग्राम टिकण्यामागचे हे सगळ्यात महत्त्वाचे कारण आहे असे मला वाटते. शेतकरी मैलामैलावर विखुरलेले राहिले असते तर एवढी वर्गणी आणि एवढे श्रमदान कधीच गोळा झाले नसते.

धर्मगुरूच नसेल तर धर्मग्राम सुरू कसे होते?

बाहेरून वाटते, आधी बिशप धर्मगुरू पाठवतो, तो चर्च बांधतो, मग लोक येतात. जर्मन वसाहतींत बहुतेक ठिकाणी क्रम उलटा होता.

सुरुवातीला लोक एक मोठा लाकडी क्रूस रोवत आणि रविवारी त्याच्याभोवती किंवा एखाद्याच्या घरी जमत. शाळामास्तर किंवा जाणता गृहस्थ प्रार्थना म्हणे, बाकीचे जपमाळ आणि गीते म्हणत. रशियात धर्मगुरू दूर असल्याने ही सवय होतीच. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, मात्र धर्मगुरूशिवाय होत नाही. त्यामुळे दुसरे पाऊल बिशपला पत्र. कॅन्ससची जबाबदारी सांभाळणारे बिशप लुई फिंक हे बेनेडिक्टाईन संन्यासी स्वतः बव्हेरियात जन्मलेले होते, त्यामुळे जर्मन बोलणाऱ्या धर्मगुरूची मागणी त्यांना समजावून सांगावी लागली नाही.

मग फिरते धर्मगुरू येत. महिन्या-दोन महिन्यांतून एक फेरी, त्यात साठलेले बाप्तिस्मे, लग्ने आणि मृतांसाठीच्या प्रार्थना एकदम उरकत. या टप्प्याला अजून धर्मग्राम म्हणत नाहीत, ते केवळ मिशन केंद्र असते. कायमचा धर्मगुरू हवा असेल तर त्याच्या राहण्याची, जेवणाखाण्याची आणि घोड्याची सोय दाखवावी लागे. दफनभूमीसाठी जमीन लागे. नोंदवह्या लागत, त्याही लॅटिनमध्ये. एवढे झाले की बिशप लेखी हुकूम काढून धर्मग्राम स्थापन करी. लोकांनी कितीही आधीपासून प्रार्थना चालवली असली तरी कायद्याच्या दृष्टीने धर्मग्रामाचा जन्म त्या हुकमाने होतो. पुढच्या सगळ्या वादांचे मूळ या एका बारकाव्यात आहे.

हेर्झोगला १८७८ मध्ये कॅपुचिन या कॅथलिक पंथाचे संन्यासी आले. त्यांच्या येण्यालाही जर्मनीतले राजकारण कारणीभूत होते. बिस्मार्कच्या काळात प्रशियात कॅथलिक संघटनांवर कडक निर्बंध आले आणि १८७२ मध्ये जेझुइट या दुसऱ्या कॅथलिक पंथाच्या धर्मगुरूंना जर्मन साम्राज्यातून घालवले गेले. कॅपुचिनांनी १८७३ पासून अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये आसरा शोधला आणि तिथून ते कॅन्ससला पोचले. जर्मन जेझुइट तर त्याआधीपासून मुंबई-पुण्यात काम करत होते. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज त्यांनीच १८६९ मध्ये सुरू केले. मराठी वाचकाला हा इतिहास वाटतो तितका परका नाही.

पैसा कुठून आला?

‘रोमने पैसे दिले असतील’ हा सर्वांत मोठा गैरसमज. रोमने दिले नाहीत. युरोपातल्या दोन संस्था अमेरिकेतल्या मिशनांना मदत करत: व्हिएन्नाचे लिओपोल्डाईन प्रतिष्ठान (१८२९) आणि म्युनिकची लुडविग मिशन संस्था (१८३८). ही मदत मुख्यतः नवी सेमिनरी (धर्मगुरू घडवणारी विद्यालये), मठ, गरीब धर्मप्रांत यांच्याकडे गेली. गावचे चर्च गावानेच बांधायचे, असाच प्रघात होता.

सेंट फिडेलिसचे आजचे चर्च १९०८ ते १९११ या काळात बांधले गेले. धर्मग्रामाने ठरवले की १२ वर्षांवरच्या प्रत्येक सदस्यामागे वर्षाला ४५ डॉलर द्यायचे आणि शिवाय दगडाच्या सहा गाड्या वाहून आणायच्या. घरात बारा वर्षांवरची सहा माणसे असतील तर वर्षाला २७० डॉलर झाले, आणि तेही गव्हाच्या एका पिकावर जगणाऱ्या घराने. एकूण खर्च सुमारे १,३२,००० डॉलर झाला. गावकऱ्यांच्या मजुरीची पूर्ण किंमत या आकड्यात धरलेली नाही हे लक्षात ठेवायला हवे.

रोजच्या खर्चासाठी त्या काळात अनेक धर्मग्रामांत बाकांचे भाडे हा मार्ग होता: कुटुंबाने वर्षाचे पैसे भरून ठरावीक बाक घ्यायचा, पुढच्या बाकाला जास्त दर. गरिबांना हे बोचत असे आणि पुढे पद्धत मागे पडली.

दगड कसा काढत?

या भागात लाकूड नाही. झाडे फक्त ओढ्याकाठी. पण जमिनीखाली थोड्या खोलीवर साधारण ८ ते १२ इंच जाडीचा चुनखडीचा एक सलग थर आहे. कुंपणाचे खांबही लोक त्यातूनच काढत, म्हणून त्याला ‘कुंपणखांबाचा दगड’ म्हणतात. जमिनीतून काढल्यावर तो मऊ असतो, करवतीने आणि छिन्नीने सहज घडतो, आणि हवेत सुकला की कठीण होतो. म्हणजे घडाई लवकर उरकावी लागते.

काढायची रीत अशी. वरची माती बैल-घोड्यांच्या फावड्याने सारायची. रेषा आखून काही इंचांच्या अंतराने हातगिरमिटाने भोके पाडायची. प्रत्येक भोकात लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्या मधे पाचर. मग हातोड्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पाचरीवर थोडाथोडा घाव, पुन्हा पहिल्यापासून. ताण सगळीकडे सारखा वाढला की दगड रेषेवर सरळ फुटतो. एकाच पाचरीवर घाई केली तर तो आडवा तडकतो आणि वाया जातो.

गावाच्या दक्षिणेकडच्या खाणींतून निघालेले, प्रत्येकी ५० ते १०० पौंडांचे दगड हाताने घडवून घोडागाडीने आणले गेले. चर्चला एकूण सुमारे सव्वा लाख घनफूट दगड लागला. आतले ग्रॅनाइटचे खांब व्हर्मॉन्टहून रेल्वेने आले. इमारत २२० फूट लांब, क्रुसाच्या हातांसारख्या आडव्या बाजूंपाशी ११० फूट रुंद, मनोरे १४१ फूट उंच, बसायला ११०० जागा. आराखडा पिट्सबर्गचे वास्तुविशारद जॉन कोमेस यांचा. २७ ऑगस्ट १९११ रोजी बिशप कनिंगहॅम यांनी त्याचे समर्पण केले. रंगीत काचा १९१६ मध्ये बसल्या.

एवढ्याशा गावाला एवढे मोठे चर्च कशाला?

हा आक्षेप तेव्हाही होता. पण ११०० जागा त्या काळच्या कुटुंबांच्या हिशोबाने होत्या. घरोघरी आठ-दहा मुले, आणि रविवारी सगळे गावात. चूक आकारात नव्हती. ही मुले आपापली शेती इथेच करतील, हा अंदाज चुकला. ट्रॅक्टर आले, एकेक शेत मोठे होत गेले, माणसे कमी लागू लागली आणि नवी पिढी शहरात गेली. सेंट फिडेलिस टिकले, २०१४ मध्ये त्याला ‘मायनर बॅसिलिका’ हा रोमकडून निवडक चर्चना दिला जाणारा मान मिळाला. पण जवळच्या फायफरचे होली क्रॉस हे १९१८ मध्ये पूर्ण झालेले, तितकेच देखणे चर्च धर्मग्राम म्हणून १९९३ मध्ये बंद झाले.

जर्मन म्हणून वेगळे राहायचा हट्ट कशासाठी?

त्या काळच्या अमेरिकन कॅथलिक चर्चमध्ये बरेच बिशप आयरिश वंशाचे होते आणि व्यवहार इंग्रजीत. जर्मनांची भीती अशी की भाषा गेली की श्रद्धाही जाईल. प्रार्थना, पापनिवेदन, मुलांचे धर्मशिक्षण हे सगळे आईच्या भाषेत बसलेले असते. मराठीतून प्रार्थना करणाऱ्या वसई-अहिल्यानगरच्या वाचकाला हे वेगळे समजवायला नको.

१८८४ च्या बाल्टिमोर इथल्या अमेरिकन बिशपांच्या परिषदेने प्रत्येक चर्चशेजारी दोन वर्षांत शाळा काढण्याचा आदेश दिला, तेव्हा जर्मन धर्मग्रामे बहुधा आधीच तयार होती. १८९१ मध्ये जर्मन व्यापारी पीटर पॉल काहेन्सली यांनी पोपकडे निवेदन नेले: स्थलांतरितांना त्यांच्या भाषेचे धर्मगुरू, शाळा आणि शक्य तिथे त्यांच्यातलेच बिशप मिळावेत. अमेरिकन बिशपांनी याला परकीय ढवळाढवळ म्हटले आणि मागणीचा मोठा भाग फेटाळला गेला.

पहिल्या महायुद्धाने हा वाद दुसऱ्याच मार्गाने मिटवला. मे १९१८ मध्ये आयोवाच्या राज्यपालांनी शाळा, सार्वजनिक ठिकाणे, फोन आणि प्रार्थनासभा यांत इंग्रजीशिवाय दुसरी भाषा वापरायला बंदी घातली. नेब्रास्काने लहान मुलांना परकी भाषा शिकवणे गुन्हा ठरवले. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये रद्द केला, पण तोवर बऱ्याच शाळा इंग्रजीवर गेल्या होत्या. त्याच युद्धात ब्रिटिश सरकारने मुंबई-पुण्यातल्या जर्मन जेझुइटांना नजरकैदेत टाकून देशाबाहेर पाठवले.

मग मालक कोण?

अमेरिकेत सुरुवातीला अनेक ठिकाणी सामान्य लोकांतून निवडलेले विश्वस्त चर्चच्या जमिनीचे मालक असत. फिलाडेल्फियाचे होली ट्रिनिटी हे १७८९ मध्ये उभे राहिलेले जर्मन चर्च याचे गाजलेले उदाहरण. आपला धर्मगुरू आपण निवडू, असे विश्वस्त म्हणू लागले आणि १७९६ ते १८०२ असा सहा वर्षे बिशपशी उघड दुरावा राहिला. असे प्रसंग वाढल्यावर बिशपांनी मालमत्ता आपल्या ताब्यात घेण्याचा धोरणीपणा केला.

पुढे दोन पद्धती रूढ झाल्या. काही राज्यांत बिशपच्या पदालाच कायदेशीर व्यक्ती मानून सगळी जमीन त्या पदाच्या नावावर. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक धर्मग्रामाची स्वतंत्र संस्था. न्यूयॉर्कच्या १८६३ च्या कायद्यात अशा संस्थेचे पाच विश्वस्त असतात: बिशप, त्यांचे प्रतिनिधी, धर्मगुरू आणि दोन सामान्य सदस्य. पाचांपैकी तीन चर्चचे अधिकारी, म्हणजे बहुमत कुणाचे ते उघड आहे.

चर्चचा स्वतःचा कायदा मात्र वेगळेच सांगतो, आणि लोकांना हे सहसा माहीत नसते. त्याच्या १२५६ व्या कलमानुसार मालमत्ता ज्या संस्थेने मिळवली तिची. म्हणजे धर्मग्रामाचे पैसे धर्मग्रामाचे, बिशपचे नव्हेत. दोन धर्मग्रामे एक झाली तर १२१ व्या कलमाप्रमाणे पैसा आणि कर्ज दोन्ही नव्या धर्मग्रामाकडे जातात. धर्मप्रांताच्या तिजोरीत ते आपोआप वळत नाहीत. पण धर्मग्राम स्थापणे, मोडणे, जोडणे हा अधिकार ५१५ व्या कलमाने फक्त बिशपचा, आणि त्याआधी धर्मगुरूंच्या परिषदेचे मत ऐकणे सक्तीचे. ज्याच्या हुकमाने जन्म, त्याच्याच हुकमाने अंत.

आता बंद का करतात?

पहिले कारण धर्मगुरूंची टंचाई. १९६५ मध्ये अमेरिकेत सुमारे ५९,००० कॅथलिक धर्मगुरू होते, आता साधारण ३५,००० उरले आहेत. दुसरे कारण अंतर. जुनी धर्मग्रामे घोडागाडीच्या चालीने आखलेली होती, आज तेच अंतर मोटारीने दहा-पंधरा मिनिटांचे. तिसरे, छप्पर आणि भिंतींचा खर्च. ही कारणे खरी आहेत. पण ती धर्मग्राम विलीन करायला पुरतात, चर्चची इमारत कायमची बंद करायला पुरतातच असे नाही. इमारतीसाठी १२२२ वे कलम ‘गंभीर कारण’ मागते. आणि २०१३ मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केले की धर्मप्रांताची चर्च कमी करण्याची सर्वसाधारण योजना किंवा धर्मग्राम विलीन झाले एवढेच, हे गंभीर कारण होत नाही.

दाद मागता येते का?

येते, पण मुदत फार थोडी असते आणि बहुतेक प्रकरणे तिथेच बुडतात. हुकूम कळल्यापासून दहा दिवसांत बिशपकडेच लेखी विनंती करायची की हा हुकूम मागे घ्या. ही पायरी वगळली तर पुढचे दार बंद. बिशपला उत्तरासाठी ३० दिवस. नकार आला किंवा मुदत उत्तराशिवाय संपली की १५ दिवसांत रोमच्या संबंधित खात्याकडे अपील. अर्ज सदस्याने स्वतःच्या नावाने करावा. ‘चर्च बचाव समिती’च्या नुसत्या शिक्क्याने भागत नाही. धर्मग्रामाचे विलीनीकरण आणि इमारत बंद होणे हे दोन वेगळे हुकूम असतात, म्हणून आव्हानही दोन्हींना वेगळे द्यावे लागते. सेंट लुईसमधल्या काही धर्मग्रामांनी असेच अपील केले आणि त्यांपैकी काहींच्या बाजूने निर्णय झाला.

इमारत लोकांनीच सांभाळायची ठरवली तर?

फायफरच्या लोकांनी तेच केले. चर्च आजही उभे आहे. पण अशा वेळी उत्साहात एक नुकसान हमखास होते. चुनखडीच्या भिंतीच्या दरजा मुळात चुन्याने भरलेल्या असतात. डागडुजीत स्वस्त म्हणून सिमेंट भरले जाते. सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि ओल अडवणारे. भिंतीतले पाणी दरजेतून बाहेर पडायचे, ते आता दगडातून वाट काढते, हिवाळ्यात गोठते, फुगते आणि दगडाचा चेहरा पापुद्र्याने सुटतो. म्हणून आधी छप्पर आणि पन्हाळी दुरुस्त करायची, मग सिमेंट हलक्या हाताने काढून दरजा पुन्हा चुन्यानेच भरायच्या, आणि हे काम कडाक्याची थंडी नसताना करायचे, कारण ओला चुना गोठला तर धरत नाही.